आदल्या संध्याकाळची अंडी

आबा,

आज पुन्हा तुमच्या त्या अंड्यांवरून माझं आणि पोरीचं वाजलं. पोरगी म्हणजे तुमची नात. तुमच्या मांडीवर बसून पिवळा बलक मागणारी ती आता पन्नाशीला टेकलीय, शाळेत बाई आहे, सकाळची शाळा असते. रविवारी संध्याकाळी ती भलं मोठं पातेलं भरून अंडी उकडते आणि फ्रीजमध्ये ठेवून देते. मग चार दिवस सकाळी उठून सोलायची, तिखटमीठ लावायचं, उभ्या उभ्या खायची आणि पर्स घेऊन पळायचं. मी म्हटलं, "अगं, ताजं करून खावं माणसानं. हे शिळं काहून खातेस?" तर म्हणते कशी, "आई, सकाळी मला फुरसत कुठंय? आणि आबा नव्हते का असंच करून ठेवत?" तिला तुमचा चेहरासुद्धा नीट आठवत नाही. तुमचा आवाज आठवत नाही, तुम्ही तिला खांद्यावर घेऊन कयाधू नदीच्या पात्रात फिरवत होता ते आठवत नाही. आठवतात ती अंडी. तुम्हाला जाऊन चाळीसच्या वर वर्षं झाली, आणि माझ्या स्वयंपाकघरात अजून तुमचाच हुकूम चालू आहे. मला इतका संताप आला की मी तशीच उठून पुढच्या खोलीत आले आणि तिच्याच वहीचा कागद फाडून हे लिहायला बसले. लिहायला मी तुमच्यामागं शिकले. तुम्ही असताना लिहिता आलं असतं तर पुष्कळ बोलायचं वाचलं असतं, पण तुम्हाला कुठं वाचता येत होतं!

तुमच्या अंड्यांना मी किती वैतागले होते हे तुम्हाला कधी कळलंच नाही, किंवा कळून तुम्ही न कळल्यासारखं केलंत. तुमचं काही सांगता येत नाही. नवरा गेला तेव्हा मी विशीचीही नव्हते. कडेवर वर्षाची पोर घेऊन मी तुमच्या दारात आले, तेव्हा माय जाऊन वर्ष झालं होतं आणि घरात तुम्ही एकटे, परसात कोंबड्या, नदीकडच्या अंगाला तो हलक्या जमिनीचा तुकडा. शेतावर तिघांचं भागेना, म्हणून मी सरकी काढायच्या जिनात जायला लागले. कापूस निवडायचं काम. दिवाळीनंतर जीन सुरू व्हायचं आणि होळीपर्यंत चालायचं. उजाडायच्या आधी भोंगा व्हायचा. दुसरा भोंगा होईपर्यंत जी बाई फाटकाच्या आत नसेल, तिनं घरी परत जायचं. थंडीचे दिवस, अंधारात उठायचं, पाणी भरायचं, पोरीला आवरायचं, भाकऱ्या थापायच्या, त्यात पोटात काही घालायला वेळ कुठला? सगळ्याच बाया उपाशी यायच्या आणि दुपारच्या सुट्टीत भाकर सोडायच्या. मलाही त्याचं काही वाटत नव्हतं. पण तुम्हाला वाटलं.

"रिकाम्या पोटी भोंग्याला जायचं न्हाई," पहिल्याच आठवड्यात तुम्ही मला सांगितलंत. "पोटात काई नसल तर हात चालत न्हाई. आन् मशीन काई तुझा मामा न्हाई, थांबायला."

"आबा, सकाळी रांधायला वेळ कुठाय?"

"सकाळी कोन रांध म्हनतंय? संध्याकाळी करून ठिवायचं. मी करतो."

आणि मग तुमची ती छावणीची गोष्ट. तुम्हाला मिसरूड फुटत होतं तेव्हा तुम्ही हिंगोलीच्या छावणीत, गोऱ्या साहेबांच्या मेसमध्ये, खानसाम्याच्या हाताखाली कांदे चिरत होता. साहेब लोक पहाटे परेडला निघायचे. त्यांना थांबा म्हणता येत नाही, म्हणून खानसामा आदल्या संध्याकाळीच अंडी उकडून, सोलून, मसाल्यात परतून तयार ठेवायचा. छावणी उठली, साहेब गेले, तुम्ही शेतात आलात, मायशी लग्न झालं, आम्ही झालो, निम्मे जगलो निम्मे गेलो, तरी तुमच्या डोक्यातून तो खानसामा काही उठला नाही. ही गोष्ट मी इतक्यांदा ऐकली की तो खानसामा आपला कुणी पाव्हणा असल्यासारखा वाटायचा. मायनं तुमचा हा नाद जन्मभर घराबाहेर ठेवला. तिच्या चुलीवर अंडं चढत नव्हतं. गोठ्याच्या पडवीत तीन दगड मांडून तुम्ही तुमचं काय ते करायचं, आणि भांडं राखेनं घासून तिथंच पालथं घालायचं. ती गेल्यावर तुम्हाला अडवणारं कुणी नव्हतं, तरी तुम्ही पडवीतच बसायचात. मी एकदा म्हटलं, "आत करा की आता, थंडी पडलीय." तर म्हणालात, "तिची चूल हाय ती." एवढंच. आणि धुरानं डोळे पुसत पुन्हा फुंकणी घेतलीत.

तुमची पद्धत मला पाठ आहे, आणि पाठ आहे याचाच राग येतो. त्या दिवशीचं अंडं घ्यायचं नाही, ते नीट सोललं जात नाही. तीन-चार दिवसांचं घ्यायचं, पण आधी पाण्यात सोडून बघायचं. तळाशी आडवं पडलं तर बरं, वर आलं तर फेकून द्यायचं. उकळी आली की लाकडं ओढून घ्यायची, आणि निखाऱ्यावरच ठेवून द्यायचं. मग रांजणातलं गार पाणी. मग सोलून, सुरीनं चिरा पाडून, तेलात हळद-तिखट-कांद्यावर इतकं परतायचं की अंड्याला बाहेरून तांबूस कातडं यावं. ते गाडग्यात घालायचं, वर फडकं बांधायचं आणि मांजराच्या भीतीनं शिंक्यावर ठेवायचं. सकाळी राखेखालचे निखारे उकरून गाडगं त्यावर ठेवलं की मी वेणी घालेपर्यंत गरम. उन्हाळा लागला की परतलेलं टिकत नाही, मग नुसती सालासकट उकडलेली, रांजणाखालच्या ओल्या वाळूत. सगळं बराबर होतं तुमचं. कुठं नाव ठेवायला जागा नव्हती. फक्त एक गोष्ट तुम्ही कधी विचारली नाहीत, की पोरी, तुला अंडं आवडतं का?

मला आवडत नव्हतं. पहाटे उठल्या उठल्या तो वास नाकात गेला की मळमळायचं. त्यात तुम्ही समोर उकिडवे बसून बघत राहायचात, जनावराला पेंड घातल्यावर धनी बघतो तसे. "एक ऱ्हायलं. खाय." मी म्हणायचे, "पोट भरलं, आबा." तुम्ही म्हणायचात, "पोट भरलं न्हाई, तोंड फिरलंय तुझं." कधी मी न खाता सटकले, तर तुम्ही भाकरीत अंडं गुंडाळून, फडक्यात बांधून, पोरीला खांद्यावर बसवून थेट जिनाच्या फाटकाशी यायचात. तो छावणीतला खाकी कोट अंगात, त्याला एकच गुंडी, आणि सगळ्या बायांच्या देखत मोठ्यानं हाक. बाया हसायच्या. "आली अंडेवालीची डाक," म्हणायच्या. माझे केस कापसानं पांढरे, कान लाजेनं लाल. घरी येऊन मी भांडायचे, तुम्ही ऐकून घ्यायचात, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

मग मी एक युक्ती केली. तुमच्या समोर तोंडात घास घ्यायचा, उरलेलं "वाटेत खाते" म्हणून हातात घ्यायचं, आणि गल्लीच्या तोंडाशी बसलेल्या कुत्र्याला घालायचं. चार दिवसांत ते कुत्रं माझ्यामागं जिनापर्यंत यायला लागलं. आठ दिवसांत ते पहाटेच आपल्या दारात येऊन बसायला लागलं, माझ्याकडं बघून शेपूट हलवत. तुम्ही एकदा त्याच्याकडं बघितलंत, एकदा माझ्याकडं. मला वाटलं आता माझं काही खरं नाही. पण तुम्ही मला चकार शब्द बोलला नाहीत. तुम्ही त्या कुत्र्यासमोर बसलात आणि त्याला बोलायला लागलात. "काहून रे, लाज न्हाई वाटत? ती बाई दिवसभर उभी ऱ्हाते. तुला काय काम हाय? तुला कुठला भोंगा हाय?" शेजारची बाई पाणी भरायची थांबून बघत होती. कुत्रं कान पाडून ऐकत होतं. मी मुकाट्यानं गाडगं उतरवलं आणि सगळं खाल्लं. आबा, दुसरा कुणी बाप असता तर त्यानं एक थोबाडीत दिली असती आणि विषय संपला असता. तुमच्याशी भांडायचीसुद्धा सोय नव्हती.

हे सगळं मी सोसलं असतं. वैताग वेगळा आणि राग वेगळा. राग त्या डोंगरकडा गावच्या पाव्हण्यांपासूनचा आहे.

मामानं ते स्थळ आणलं होतं. मायचा चुलतभाऊ, गावोगावच्या सोयरिका जुळवण्यात त्याचं निम्मं आयुष्य गेलेलं. आपल्यात विधवेचा पाट लावतात, त्यात चोरून करायचं काही नव्हतं. माणूस बिजवर होता, बायको बाळंतपणात गेलेली, लेकरू नाही. विहिरीची जमीन, हळद लावायचे. आईबाप नव्हते, चुलता कर्ता होता. चुलत्याच्या गळ्यात माळ होती आणि घरात कांदासुद्धा एकादशीला शिवत नव्हते, हे मामानं आधीच सांगितलेलं. ते येणार त्या दुपारी तुम्हीच मला बजावलंत, "अंड्याचं गाडगं लपीव. टरफल बी कुठं दिसू देऊ नको. माळकरी मानसं हायेत." मी पडवी सारवली. शिंकं काढून ठेवलं. कोंबड्यासुद्धा शेजारच्या डालग्यात दिल्या असत्या, पण वेळ झाला नाही.

ते संध्याकाळी आले. चुलता, तो स्वतः आणि मामा. तुम्ही अंगणात घोंगडी अंथरली. मी आत भाकऱ्या थापत होते. थापण्याच्या आवाजात बाहेरचं बोलणं काही ऐकू येत नव्हतं. तेवढ्यात पोरगी बाहेर गेली आणि त्या माणसाच्या पायाशी जाऊन उभी राहिली. दारातून मला एवढंच दिसलं, की त्यानं खिशातून शेंगा काढल्या आणि एकेक सोलून तिच्या हातावर ठेवायला लागला. चुलता तुमच्याशी हळू आवाजात बोलत होता. थोड्या वेळानं तुम्ही उठलात. जेवणं झाली, पाव्हणे अंगणात पडले, आणि बघते तर तुम्ही पडवीत, तीन दगडांच्या चुलीशी, फुंकणी घेऊन बसलेले.

मी जवळ जाऊन दबक्या आवाजात म्हटलं, "आबा, काय करून राहिले तुमी? उद्या जीन बंद हाय."

"असू दे," तुम्ही म्हणालात.

"पाव्हन्यांना वास जाईल की!"

"झोपलेत ते. जा, तू बी पड."

मला वाटलं, सवय. म्हाताऱ्या माणसाचे हात आपोआप चालतात. मी जाऊन पोरीशेजारी पडले. खरं सांगायचं तर त्या दिवशी तुमच्याकडं लक्ष द्यायला मला फुरसत नव्हती.

सकाळी मी शेवया केल्या होत्या, गूळ घालून. पाव्हणे तोंड धुऊन पंगतीला बसले. मी आतून शेवयांचं पातेलं आणतेय तोवर तुम्ही गाडगं घेऊन आलात आणि पहिल्यांदा चुलत्याच्या ताटात, शेवया यायच्या आधीच, दोन अंडी वाढलीत. तांबूस, चिरा पाडलेली, तेल सुटलेली. मी जिथं होते तिथं उभी राहिले. मामाच्या हातातला तांब्या तसाच राहिला.

चुलता ताटाकडं बघत होता. मग त्यानं तुमच्याकडं बघितलं. "हे काय हाय?"

"अंडी," तुम्ही म्हणालात. "सकाळी घाई असती मान्साला, म्हून संध्याकाळीच करून ठिवतो मी."

"आमच्यात चालत न्हाई हे. ठावं न्हवतं तुमाला?"

"शिल्लक व्हती. वाया गेली असती."

चुलता उठला. अंगणाच्या कडेला जाऊन त्यानं चूळ भरली, न खाल्लेल्या तोंडानं चूळ भरली, पागोटं डोक्याला घातलं आणि चालू लागला. मामा त्याच्यामागं हात जोडत पळाला. तो माणूस सगळ्यांच्या शेवटी उठला. आणि तुम्ही ती अंडी चुलत्याच्या ताटातून उचललीत, पुन्हा गाडग्यात घातलीत आणि फडकं बांधलंत, जसं काही झालंच नाही.

त्या दिवशी मी तुम्हाला काय काय बोलले ते सगळं आठवतं मला. म्हटलं, तुम्हाला मी सुखानं नांदलेली बघवत नाही. म्हटलं, तुम्हाला घरात भाकरी थापायला बाई पाहिजे म्हणून केलंत हे. म्हटलं, माय बरोबर होती, तुमचं सगळं घराबाहेरच ठेवायला पाहिजे होतं. तुम्ही खांबाला टेकून बसला होता, पोरीच्या केसातून कापूस काढत. शेवटी मी ओरडले, "बोला की काही! मुद्दाम केलं का न्हाई?" तुम्ही म्हणालात, "शिल्लक व्हती, माय." आबा, शिल्लक कुठून असणार? ती मी झोपायला जाताना तुमच्या हातांनी उकडलेली बघितली होती. तुम्हाला खोटंही धड बोलता येत नव्हतं.

त्यानंतरचा अख्खा हंगाम मी तुमच्याशी कामापुरतं बोलले. तुम्ही अंडी करायची सोडली नाहीत. रोज पहाटे गाडगं निखाऱ्यावर. मी ते उचलायचे, फडक्यासकट जिनात न्यायचे आणि बायांना वाटून टाकायचे. ज्या मला अंडेवाली म्हणून चिडवायच्या, त्याच आता फाटकाशी माझी वाट बघायला लागल्या. एकीनं तर विचारलं, आबाला म्हणावं मीठ थोडं जास्त टाका. तो निरोप मी तुम्हाला दिला नाही. तरी दोन दिवसांनी मीठ वाढलेलं होतं. तुम्हाला कुणी सांगितलं कुणास ठाऊक.

पुढच्या थंडीत तुम्ही तापानं गेलात. अंथरुणाला लागलात ते उठलाच नाहीत. शेवटच्या दिवसांत तुम्ही फार बोलत नव्हता, आणि मीही माझ्याकडून काही काढलं नाही. मला वाटत होतं, बरे व्हाल, मग एकदा नीट भांडू. दहाव्याला मामा आला होता. नदीवरून परत येताना तो माझ्याबरोबर मागं राहिला. मी म्हटलं, "मामा, आबांनी माझं एवढं बसलेलं स्थळ मोडलं, त्याचं उत्तर न देताच गेले बघा."

मामा थांबला. "म्हंजी? तुला अट सांगितली न्हाई व्हय आबानं?"

"कसली अट?"

मग त्यानं सांगितलं. त्या संध्याकाळी चुलता म्हणाला होता, पोरगी पसंत आहे, पण तिचं लेकरू आमच्या घरात नको. ते आज्यापाशी राहू द्या. वर्षातून एकदा येऊन भेटली तर आमची ना नाही. मामा म्हणाला, "मी आबाला म्हनलं, तिला इचारा. तर म्हनले, इचारलं की ती न्हाईच म्हनल. आन् मग जन्मभर त्या लेकराच्या तोंडाकडं बघून तिला वाटत ऱ्हाईल, की तुझ्यापायी माझं ऱ्हायलं. त्यापरीस माझ्यापायी ऱ्हायलं म्हनू दे. मी काय, आज हाय उद्या न्हाई. माझ्यावर राग धरू दे, त्यात काई तकलीफ न्हाई. असं म्हनून मला शपथ घातली त्यायनी, ते असेपर्यंत बोलायचं न्हाई म्हून."

मी तिथंच वाटेवर बसले. मामाला वाटलं मी रडतेय. मी रडत नव्हते, आबा. मी संतापले होते. नात तर तुम्हाला दोन्हीकडून मिळणारच होती, आणि मी यायच्या आधी वर्षभर भाकऱ्या तुम्ही स्वतःच थापल्या होत्या. तुमच्या स्वार्थाचं त्यात काही नव्हतं, म्हणजे मी जे बोलले होते ते सगळं फोल, आणि ते परत घ्यायला तुम्ही जागेवर नव्हता. हा कुठला न्याय झाला? माझी पोर, माझा पाट, माझा होकार-नकार, आणि तो सगळा तुम्ही परस्पर उरकलात. सकाळचं आदल्या संध्याकाळी करून ठेवायची खोड तुमची, पण ते अंड्यांपुरतं ठेवायचं होतं. मला विचारायचं होतंत. मी नाही म्हटलं असतं, आणि पोरीवर राग धरला नसता. धरला असता का? हे तुम्ही मला कळूच दिलं नाहीत. माझ्या मनात काय झालं असतं ते मला ठाऊक नाही, तुम्हाला मात्र ठाऊक होतं, आणि ते कुणाला न सांगता तुम्ही घेऊन गेलात. आणि सगळ्यांत संताप याचा, की तुमचं खरं झालं. पोरीकडं बघून मला कधी काही वाटलं नाही. जे वाटायचं ते सगळं तुमच्याकडं बघून वाटून झालं होतं.

पुढच्या साली रझाकारांच्या धामधुमीत जीन बंद पडलं. निम्मा गाव पैनगंगेपलीकडं वऱ्हाडात गेला, आम्हीही मामाच्या गाडीतून गेलो, आणि सगळं निवळल्यावर परत आलो. जीन लवकर सुरू होईना, म्हणून मी वसमतला हळद निवडायच्या कामाला गेले, पोरीला घेऊन. तिथं आडतीवर एक दिवस तो भेटला. हळदीची पोती उतरवून घेत होता. अंगानं भरला होता, कानाशी केस पांढरे झाले होते. मी ओळखलं, पण पदर पुढं घेऊन काम करत राहिले. तोच जवळ आला.

"हिंगोलीच्या ना तुमी? आबा बरे हायेत?"

मी म्हटलं, "गेले."

त्यानं डोक्याचं मुंडासं काढून हातात घेतलं. मग पोरीकडं बघून म्हणाला, "केवढी झाली!" पोती उतरवणाऱ्या माणसानं हाक मारली, तरी तो गेला नाही. "आमचे काका तवा बोलायला नको व्हतं ते बोलले. मी वाटंत त्यायच्याशी भांडलो. दुसऱ्या पंधरवड्यात मी एकटा येनार व्हतो, तुमच्या आबाशी बोलायला. लेकरू संगं घेऊन या म्हनून. पन काका म्हनले, ज्यानं ताटात अंडं वाढलं, त्याच्या दारात कोन्या तोंडानं जातूस?" तो जरा हसला. "मला तर चालत व्हतं अंडं. शेतावर गडी करायचे, मी खायाचो." मग त्यानं विचारलं, माझं पुढं काही जमलं का. मी म्हटलं, न्हाई. तो म्हणाला, माझं झालं, दोन लेकरं हायेत. मी म्हटलं, चांगलं झालं. आडत्यानं हाक मारली आणि तो गेला.

बघा आता, आबा. तुम्हाला एवढं सगळं दिसलं, माझ्या मनातलं दहा वर्षांपुढचं दिसलं, आणि अंगणात बसून पोरीला शेंगा सोलून देणारा माणूस दिसला नाही? एक पंधरवडा थांबायचं होतंत. मामाला विचारलं असतंत, चुलत्याचं बोलणं म्हणजेच पोराचं बोलणं आहे का. पण नाही. तुम्हाला सगळं झटपट तयार पाहिजे. मी हे पोरीला कधी सांगितलं नाही. तिला वाटतं, तिच्या आईला दुसरं स्थळ आलंच नाही. आत्ता ती आतून दोनदा हाक मारून गेली, रुसलीस का म्हणून. तिला काय सांगू? म्हटलं, पत्र लिहितेय. कुणाला? म्हटलं, आहे एकजण. हा कागद मी कुठं पाठवणार नाही, कुणाला दाखवणारही नाही. संध्याकाळच्या भाकरीला चूल नसली तरी गॅस आहे; त्याच्यावर धरायला वेळ लागणार नाही.

त्याआधी एवढं लिहून ठेवते. त्या संध्याकाळी भाकऱ्या थापताना मी दाराच्या फटीतून सारखी बाहेर बघत होते, आणि दोन भाकऱ्या करपल्या. मला तो आवडला होता, आबा. तुम्ही विचारलं असतंत, तरी हे मी तुम्हाला सांगितलं नसतं.